ऑफर मान्य केली की गिऱ्हाईक गायब: आधीच पेमेंट डिटेल्स मागायचं सेटिंग, आणि ते लावूनही कुठं कुठं गळतं

ऑनलाईन माल विकणाऱ्या आपल्या भागातल्या पोरांचे एकाच गोष्टीसाठी सारखे फोन यायलेत, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. तुम्ही वस्तू टाकता, किंमत टाकता, खाली ऑफर द्यायचं बटन चालू ठेवता. कुणीतरी ऑफर देतं, भाव बरा वाटतो, तुम्ही मान्य करता. वस्तू लिस्टिंगवरनं उतरते, ऑर्डर तयार दिसते, आणि पैसे काही येत नाहीत. मेसेज टाका, उत्तर नाही. परत टाका, परत नाही. चार दिवसांनी ऑर्डर रद्द करून तीच वस्तू पुन्हा टाकायची, आणि आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

मी परभणीचा. जुनी पोस्टाची तिकिटं विकतो, मुख्यतः निजामाच्या हैदराबाद संस्थानची. १९३१ साली निघालेली चित्रांची मालिका आहे ना, चारमिनार, हायकोर्ट, उस्मानसागर, बिदरचा मदरसा असलेली, ती माझी आवडती, कारण त्यात आपला मराठवाडा आहे: आठ आण्याच्या तिकिटावर अजिंठ्याच्या लेण्यांचं तोंड आणि एक रुपयाच्या तिकिटावर दौलताबादचा चांद मिनार. इथं घेणारे थोडे, पण परदेशात संस्थानांची तिकिटं जमवणारे लोक आहेत, त्यामुळे माझा बहुतेक धंदा परदेशी मार्केटप्लेसवर चालतो. (जाता जाता, शंभर वर्षांपेक्षा जुनं काही मी बाहेर पाठवत नाही. १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा आहे, नाणी विकणाऱ्यांनी तर हे आधी बघावं.)

मागच्या दिवाळीच्या आसपास ही पूर्ण मालिका मी टाकली होती, न वापरलेली, मागचा गोंद शाबूत. रात्री अकराच्या सुमाराला ऑफर आली, मी मागितलेल्या किमतीच्या थोडी खाली, मी लगेच मान्य केली. सकाळी अल्बममधून चिमट्यानं एकेक तिकीट काढलं, बटर पेपरच्या पाकिटात सरकवलं, दोन्ही बाजूंनी पुठ्ठा लावला, चारी कडा टेपनं बंद केल्या आणि पाकीट कपाटात ठेवून पैशांची वाट बघत बसलो. दुसऱ्या दिवशी एका जुन्या गिऱ्हाइकाचा मेसेज आला की ती मालिका आहे का अजून, मी म्हणलं विकली. पाचव्या दिवशी ऑर्डर रद्द झाली तोवर त्या जुन्या माणसानं दुसरीकडून घेऊन टाकली होती. पैशाचं नुकसान तर झालंच, पण जो माणूस सहा वर्षं माझ्याकडून घेत होता त्याला मी नाही म्हणलो याचं जास्त लागलं, आणि तिथून मी हे प्रकरण मुळातून समजून घ्यायला लागलो.

आधी मी चुकीच्या गोष्टी केल्या त्या सांगतो, म्हणजे तुमचा वेळ वाचेल. पहिली म्हणजे गिऱ्हाइकाचं रेटिंग बघून ऑफर मान्य करायची. त्यानं काही कळत नाही. ईबेचंच घ्या, तिथं २००८ पासून विक्रेत्याला खरेदीदाराबद्दल वाईट शेरा देताच येत नाही, फक्त चांगलाच देता येतो, म्हणजे शंभर टक्के चांगलं रेटिंग असलेला माणूस पैसे बुडवणारा असूच शकतो, तुम्हाला दिसणार नाही. दुसरी म्हणजे मेसेजवर मेसेज. ज्याला द्यायचेत तो पहिल्या मेसेजला देतो, ज्याला नाही द्यायचे तो दहाव्यालाही देत नाही. तिसरी म्हणजे किंमत वाढवून ठेवायची, म्हणजे फालतू लोक येणार नाहीत असं वाटतं, पण उलट खरं गिऱ्हाईकच दुसरीकडं जातं.

आता मूळ कारण. माझा आजा बैलाच्या बाजाराला हाळी-हंडरगुळीला जायचा, उदगीर तालुक्यात, देवणी जनावरांचा मोठा बाजार. लहानपणी मी दोनदा त्याच्यासंगं गेलेलो आहे. दलाल मधे उभा, दोघांचे हात दस्तीखाली, बोटं धरून भाव चाललेला, बघणाऱ्याला काही कळत नाही. पण भाव जुळला म्हणजे सौदा झाला असं तिथं कुणी मानत नव्हतं. दस्ती निघाली की घेणाऱ्यानं खिशातून विसाराचे पैसे काढून मालकाच्या हातावर ठेवायचे, मग सौदा. विसार पडला की मग दुसऱ्या गिऱ्हाइकाला जनावर दाखवायचं नाही, दात बघू द्यायचे नाहीत, आणि घेणारा फिरला तर विसार गेला. विसार पडायच्या आधी मात्र मालक दहा जणांशी बोलायला मोकळा.

ऑनलाईन ऑफरमधे नेमका हा विसार गायब आहे. ऑफर देणाऱ्याचा एक पैसा गुंतलेला नाही, कार्डसुद्धा जोडलेलं नाही, एक बटन दाबलं की झालं. आणि तुम्ही मान्य केलं की तुमची वस्तू मात्र बांधली गेली. तो एकाच वेळी पाच विक्रेत्यांना ऑफर देतो, जो सगळ्यात आधी किंवा स्वस्तात हो म्हणेल त्याचं घेतो, बाकीचे चार जण बसतात वाट बघत. त्यातले सगळेच काही वाईट मनाचे नसतात, त्यांना बटन दाबणं म्हणजे चौकशी वाटते. कायद्यानं म्हणाल तर ऑफर आणि स्वीकार झाला की करार झाला, पण दीड-दोन हजाराच्या तिकिटासाठी दुसऱ्या देशातल्या माणसामागं कुणी कोर्टात जातंय का.

म्हणून उपाय एकच: ऑफर देतानाच पेमेंटचं साधन आणि पत्ता घेतला गेला पाहिजे, आणि तुम्ही मान्य करताच पैसे आपोआप कापले गेले पाहिजेत. आता मोठ्या साईटवर ही सोय आलेली आहे, काही ठिकाणी ती आपोआप चालू असते, काही ठिकाणी विक्रेत्याच्या खात्यात जाऊन खरेदीदारांवरच्या अटी किंवा पेमेंटच्या पसंती अशा नावाच्या पानावर चालू करावी लागते. नाव आणि जागा साईटगणिक बदलते, त्यामुळे मोबाईल अॅपमधे सापडलं नाही तर कॉम्प्युटरवर ब्राऊझरमधे उघडून बघा, बरीच सेटिंगं अॅपमधे दिसतच नाहीत, माझं यातच एक आठवडा गेला. त्याच पानावर बहुतेक अजून दोन गोष्टी असतात, त्याही लगेच चालू करा: आधी दोन-चारदा पैसे न भरलेल्या लोकांना रोखायची, आणि तुम्ही जिथं पाठवतच नाही त्या देशातल्या लोकांना रोखायची. आणि प्रत्येक लिस्टिंगला किमान ऑफर टाकून ठेवा, त्याच्या खालची ऑफर साईट स्वतःच नाकारते, तुमच्यापर्यंत येतच नाही.

हे सगळं लावलं आणि मी निश्चिंत झालो, आणि महिन्याभरात पुन्हा दोन ऑर्डरी लटकल्या. इथंच लोक म्हणतात की सेटिंग चालत नाही आणि बंद करून टाकतात. तसं करू नका. सेटिंग चालतंय, पण ते ज्या दारावर बसलंय त्या दाराशिवाय घरात यायच्या अजून वाटा आहेत.

पहिली वाट काउंटर ऑफर. गिऱ्हाइकानं २००० ची ऑफर दिली, कार्ड जोडून दिली, तुम्ही म्हणलं २३०० ला देतो. आता कार्ड जोडलंय ते २००० ला हो म्हणून, २३०० ला त्याची संमती नाही, मग तो तुमचा आकडा मान्य करतो आणि पैसे भरायचं पान उघडं टाकून निघून जातो. माझ्या लटकलेल्या दोन्ही ऑर्डरी अशाच होत्या. आता मी काउंटर करतच नाही, नाकारतो आणि सोबत एक ओळ लिहितो की अमुक रकमेची नवी ऑफर टाका, लगेच मान्य करतो. त्याला परत ऑफर टाकावी लागते म्हणजे परत कार्डाची संमती येते. थोडं खेटं वाढतं पण घेणारा माणूस तेवढं करतो. विक्रेत्यानं स्वतःहून बघणाऱ्यांना सूट पाठवायची सोय असते, तिथंही हीच गडबड होऊ शकते, पैसे पडेपर्यंत वस्तू दुसऱ्याला नाही म्हणू नका.

दुसरी वाट मेसेजमधला सौदा. इतक्याला देता का, बरं देतो, बाजूला ठेवा, ठेवतो. हा सौदा सेटिंगच्या नजरेत आलेलाच नसतो. अशा माणसाला गोडीत सांगायचं की ऑफरच्या बटनातून टाका.

तिसरी जुन्या लिस्टिंगची. माझ्या काही जुन्या लिस्टिंग आपोआप दर महिन्याला पुढं सरकत होत्या, त्यांच्यावर आधीचीच अट चिकटून राहिलेली होती. त्या बंद करून पुन्हा टाकल्यावर ठीक झालं. तुमच्याकडं सेटिंग बदललं तरी फरक पडत नसेल तर आधी एकच लिस्टिंग नवीन टाकून, घरातल्या दुसऱ्या कुणाच्या खात्यावरनं उघडून बघा की ऑफर देताना कार्ड मागतंय का नाही.

चौथी गोष्ट नीट समजून घ्या, कारण बऱ्याच जणांचा इथंच गैरसमज आहे. पेमेंट डिटेल्स घेतले म्हणजे पैसे अडकवून ठेवले असं नाही. कार्ड नुसतं नोंदवलेलं असणं वेगळं, एखादा रुपया कापून परत देऊन ते जिवंत आहे का तपासणं वेगळं, रक्कम रोखून धरणं वेगळं आणि कापून घेणं वेगळं. आयपीओला अर्ज केलेल्यांना हे पटकन कळेल: शेअर मिळेपर्यंत पैसे तुमच्याच खात्यात, पण ब्लॉक, वापरता येत नाहीत, शेअर लागले तर कापले जातात, नाही लागले तर मोकळे. ऑफरच्या वेळी सहसा एवढं कडक काही नसतं, कार्ड नोंदवलेलं असतं आणि तुम्ही मान्य केल्यावर कापायचा प्रयत्न होतो. आता त्या दोन दिवसांत कार्डात पैसेच राहिले नाहीत, मुदत संपली, बँकेला व्यवहार संशयास्पद वाटला, तर तो प्रयत्न फसतो आणि ऑर्डर पैसे बाकी म्हणून लटकते. अशी ऑर्डर दिसली तर माणसावर लगेच डाफरू नका, यातले बरेच जण कार्ड बदलून त्याच दिवशी भरतात. ऑफर आल्यावर दोन दिवस विचार करत बसण्यापेक्षा लवकर उत्तर दिलं तर हे फार कमी होतं, हा माझा अनुभव.

आणि लटकलेली ऑर्डर रद्द करताना कारण बरोबर निवडा, हे फार महत्त्वाचं आहे. ईबेवर चार दिवस झाले की पैसे न भरल्याचं कारण देऊन विक्रेत्याला ऑर्डर रद्द करता येते आणि ते तुमच्या खात्यावर डाग म्हणून लागत नाही. पण वैतागून वस्तू शिल्लक नाही असं कारण निवडलं तर दोष तुमच्या नावावर जातो. जालन्याच्या माझ्या मित्रानं घाईत तीनदा हेच केलं आणि त्याच्या खात्याची पत घसरली, चूक गिऱ्हाइकाची आणि शिक्षा याला.

पाचवी अडचण खऱ्या गिऱ्हाइकाची आहे, आणि तिच्यासाठी थोडं वाकायला पाहिजे. तिकिटं घेणारा माणूस एक घेत नाही, सहा-सात घेतो, आणि त्याला ती एकाच पाकिटात, एकाच टपाल खर्चात पाहिजे असतात. मान्य करताच पैसे कापले गेले की प्रत्येक तिकिटामागं टपाल वेगळं कापलं जातं. मग तो म्हणतो हे काय, आणि जातो. यावर मी लिस्टिंगमधेच लिहून टाकलंय की जास्तीचं कापलेलं टपाल पाकीट पाठवायच्या दिवशी परत करतो, आणि खरंच त्याच दिवशी परत करतो. कुणी यादीच पाठवली तर सगळ्यांची मिळून एक वेगळी लिस्टिंग त्याच्यासाठी बनवून देतो. म्हाताऱ्या जमवणाऱ्यांपैकी काही जणांना ऑफर देतानाच कार्ड टाकायची भीती वाटते, त्यांना मी लिहितो की कार्डाचा नंबर मला दिसत नाही, तो साईटकडं राहतो, मी हो म्हणेपर्यंत एक पैसा कापला जात नाही. दोन-तीन जण तरीही गेले. वाईट वाटलं, पण सेटिंग काढलं नाही.

आता उलट बाजू, कारण आपल्यातले बरेच जण विकतात तसे घेतातही. संभाजीनगरच्या माझ्या भाच्याचा फोन आला, मामा, कॅमेऱ्याच्या लेन्सला ऑफर द्यायची तर कार्डच घेत नाहीये, दोन बँकांची कार्डं झाली. म्हणलं बँकेचं अॅप उघड, कार्डाच्या सेटिंगमधे आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहे का बघ. बंद होतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं मार्च २०२० पासून नवीन कार्ड येतं ते फक्त देशातलं एटीएम आणि दुकानातलं मशीन यासाठी चालू होऊन येतं, ऑनलाईन आणि परदेशी वापर आपण स्वतः चालू करायचा असतो आणि मर्यादाही आपणच ठरवायची असते. त्यानं चालू केलं, ऑफरच्या रकमेपेक्षा थोडी जास्त मर्यादा ठेवली, काम झालं. ऑफर निकाली निघाली की परत बंद करून टाक असंही सांगितलं, उगाच उघडं कशाला ठेवायचं.

भारतातल्या साईटवर हे आपोआप कापायचं प्रकरण वेगळं चालतं. आपल्याकडं कार्डाच्या ऑनलाईन व्यवहाराला सहसा ओटीपी लागतो, आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदार साईटला तुमचा कार्ड नंबर साठवताच येत नाही, त्याऐवजी टोकन असतं, म्हणजे नंबराच्या जागी एक बदली कोड. म्हणजे ऑफर देऊन तुम्ही झोपलात आणि रात्री विक्रेत्यानं मान्य केली तरी ओटीपी टाकायला तुम्ही जागे पाहिजे. म्हणून इथं खरा विसाराच्या जवळ जाणारा मार्ग म्हणजे यूपीआयचा एक वेळचा मँडेट, ऑगस्ट २०१८ मधे यूपीआय २.० सोबत आलेला. पिन टाकून तुम्ही रक्कम आधीच मंजूर करता, ती तुमच्याच खात्यात ब्लॉक होऊन राहते, आणि सौदा झाला की कापली जाते. जुन्या वस्तूंच्या देशी साईटनी हे ऑफरला जोडावं असं मला मनापासून वाटतं, आयपीओसाठी रोज चालणारी गोष्ट आहे, जुन्या मोटारसायकलीसाठी का नको.

तोवर गावातल्या-गावात विकायच्या साईटवर, जिथं नुसतं चॅट आणि फोन नंबर असतो, तिथं विसार तुम्हालाच घ्यावा लागणार. मी टोकन म्हणून थोडी रक्कम घेतो, घेताना चॅटमधेच लिहितो की किती दिवस वस्तू ठेवीन आणि नाही आलात तर टोकनाचं काय होईल. पण इथं एक धोका आहे आणि तो सगळ्यांना माहीत असला पाहिजे. भाव न करता लगेच हो म्हणणारा, मी फौजेत आहे, बदली झालीय, माणूस पाठवून वस्तू नेतो असं सांगणारा, आणि मग पैसे पाठवतो म्हणून क्यूआर कोड पाठवणारा. तो कोड स्कॅन करून पिन टाकला की पैसे येत नाहीत, जातात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, कधीच नाही. माझ्या गल्लीतल्या एका ताईचा जुना फ्रिज विकताना असाच प्रकार झाला, नऊ हजार गेले, आणि त्या दोन दिवस कुणाला सांगत नव्हत्या लाजेनं. असं झालं तर लाजू नका, ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन लावा, जितक्या लवकर लावाल तितकी पैसे पुढं जायच्या आत अडवले जायची शक्यता जास्त, आणि बँकेलाही कळवा.

घेणाऱ्यांनीही एक लक्षात ठेवा. ऑफरच्या आधी पेमेंट डिटेल्स मागणारी साईट आणि पेमेंट डिटेल्स मागणारा माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्ड टाकायचं ते साईटच्या स्वतःच्या पेमेंट पानावर. विक्रेता चॅटमधे लिंक पाठवून म्हणत असेल की ऑफर पक्की करायला इथं कार्ड टाका, किंवा फोटो पाठवा कार्डाचा, तर ती ऑफर नाही. मी विक्रेता आहे आणि मला आजवर एकाही गिऱ्हाइकाचा कार्ड नंबर लागलेला नाही.

ती १९३१ ची मालिका नंतर मी परत टाकली, कार्डाची अट लावून. दीड महिना ऑफरच आली नाही. मग एक आली, पहिल्यापेक्षा शंभर-दीडशे रुपये कमी, मान्य केली आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत पैसे कापल्याचा मेसेज आला. कपाटात तेच पाकीट तसंच होतं, वरचा पत्ता तेवढा बदलला आणि त्याच दुपारी पोस्टात देऊन आलो.

कुणाचं अजून अडत असेल तर विचारताना एवढं सांगा: साईट कुठली, लिस्टिंग कधी टाकलेली, ऑफर बटनातून आली का मेसेजमधून, तुम्ही काउंटर केला होता का, आणि ऑर्डर कुठल्या पायरीवर थांबलीय. स्क्रीनशॉट पाठवताना गिऱ्हाइकाचं नाव आणि पत्ता झाकून पाठवा.